सत्तार गल्लीची पाटी

आमच्या गावातल्या गल्ल्यांना पाट्या लागल्या त्या युरोपात लढाई सुरू झाली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात. त्याआधी गावात वाचण्यासारखे फारसे नव्हते. कचेरीच्या दारावर एक फळी होती, दवाखान्यावर गंजलेला पत्रा होता आणि शाळेच्या भिंतीवर चुन्याने नाव लिहिलेले होते. प्रत्येकाचा रंग वेगळा, अक्षर वेगळे. गल्ल्यांची नावे कुठेच लिहिलेली नव्हती. पुसेगावहून बाजाराला आलेला माणूस चार ठिकाणी विचारत हव्या त्या दारी पोहोचत असे.

त्या वर्षी नवे तहसीलदार आले. ते हैदराबादेचे. वक्तशीर, मेहनती आणि माझ्या माहितीप्रमाणे लाच न घेणारे. आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी पायी गाव पाहिले आणि कचेरीत परतल्यावर सांगितले की हे गाव दहा जणांनी दहा शाईंनी लिहिल्यासारखे दिसते. ते एका हाताने लिहिलेले दिसले पाहिजे. हे वाक्य पुढे कचेरीत इतक्यांदा उच्चारले गेले की चपराशीसुद्धा ते म्हणून दाखवीत.

त्यांनी नियम ठरवले आणि ते नियम चांगले होते. सगळ्या पाट्यांचा पत्रा एकाच मापाचा. जमीन गडद निळी, अक्षरे आणि किनार पांढरी. वर मध्यभागी सरकारी दस्ताराचे, म्हणजे पगडीचे, चिन्ह, त्याखाली ठळक उर्दू, त्याखाली निम्म्या आकारात मराठी. गल्लीची पाटी तोंडाशी, आत शिरताना उजव्या भिंतीवर, उभ्या माणसाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंच. विहीर, सराई, दवाखाना यांची दिशा दाखवायला पाटीवर एक हात रंगवायचा. तो हात शेरवानीचा होता, मनगटाजवळ बटणांसकट. डोंगरकडा गावचा एक शेतकरी तो हात पाहून माझ्यासमोर म्हणाला होता, "साहेबाचा हात दिसून राहिला. तिकडं गेलं की काहीतरी ठेवावंच लागंल."

मी तेव्हा कचेरीसमोरच्या निंबाखाली बसून लोकांना उर्दूत अर्ज लिहून देत असे आणि सरहद्दीपलीकडच्या, वऱ्हाडातल्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे. पाट्यांची बातमी मीच पाठवली होती. ती अनुकूल होती.

कामाची वाटणी अशी होती. उर्दू ओळ लिहायला नांदेडहून एक कातिब आणला होता. त्याचे अक्षर देखणे होते आणि त्याला मराठी येत नव्हते. मराठी ओळ रंगवायला गावातलाच, पत्र्याच्या पेट्यांवर फुले काढणारा रंगारी होता. समोर ठेवलेले अक्षर तो हुबेहूब उतरवी, वाचत नसे. या दोघांच्या मध्ये कचेरीतला एक अहलकार, म्हणजे कारकून, होता. तो तेलंगणातला. नागरी लिपीची परीक्षा पास झालेला गावात तो एकटाच सरकारी नोकर होता, म्हणून उर्दू नावे नागरीत उतरवण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याने ते खुर्चीत बसून केले. गल्ल्या पाहून या, असा हुकूम त्याला नव्हता.

ज्यांना उर्दू येत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. त्यांच्यासाठी अक्षरांवर-खाली द्यायच्या खुणा आहेत: जबर, जेर, पेश. पण त्या लेकरांच्या पहिल्या पुस्तकात असतात. मोठी माणसे खुणा न देता लिहितात आणि वाचणारा शब्द ओळखून स्वर स्वतः भरतो. ज्याला शब्द माहीत असतो तो बरोबर वाचतो. ज्याला माहीत नसतो तो आपल्याला माहीत असलेला शब्द वाचतो.

अहलकाराने गवळीपुरा वाचला तो गोलीपुरा. गवळ्यांची पोरे आठ दिवस बोटाची बंदूक करून एकमेकांना गोळ्या घालत हिंडली आणि प्रकरण संपले. म्हशींना पाटी लागत नाही.

सुतार गल्लीचे तसे झाले नाही. सीन, ते, अलिफ, रे. याचे सुतार होते, सतार होते आणि सत्तारही होते. अहलकाराच्या बोलीत सुताराला बढई म्हणतात. सुतार हा शब्द त्याने बहुधा ऐकलाच नव्हता. सत्तार मात्र त्याच्या ओळखीचा होता, कोणाच्याही असतो. ते माणसाचे नाव आहे आणि मुळात देवाचे. अर्थ, दोष झाकणारा. निळ्या पाटीवर कातिबाच्या सुरेख ओळीखाली रंगाऱ्याने पांढऱ्या अक्षरांत उतरवले: सत्तार गल्ली.

गल्लीत सुतारांची सात घरे होती. त्यांतले सगळ्यांत वडील जे होते त्यांना गाव थोरले मिस्त्री म्हणत असे. मीही तसेच म्हणतो. पाटी लागली त्या दिवशी ते दुपारी माझ्याकडे आले आणि त्यांनी पाटीवर काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला सांगितले. आम्ही दोघे गल्लीच्या तोंडाशी गेलो. मी दोन्ही ओळी वाचल्या. वरची बरोबर आहे, खालची चुकली आहे, असे सांगितले. ते काळजीत पडले.

त्यांच्या काळजीचे कारण नाव नव्हते, जागा होती. गल्लीच्या मागे सुतारांची एक मोकळी जागा होती. तिथे बाभळीची आणि सागाची खोडे वाळत पडत. तिथेच गाड्यांची चाके तयार होत. चाकाला लोखंडी धाव चढवायची तर ती गोवऱ्यांच्या गोल आगीत लाल करावी लागते, चार जणांनी सांडशींनी उचलून चाकावर बसवावी लागते आणि लगेच पाणी ओतावे लागते. हे अंगणात होत नाही, रस्त्यात होत नाही. जागा गेली तर सातही घरांचे चाकांचे काम संपले, आणि घरे चालत होती ती चाकांवर. या जागेला कागद नव्हता. ती सुतार गल्लीची, म्हणून सुतारांची; एवढाच तिचा हक्क होता आणि तोवर तो पुरत आला होता.

"गल्लीचं नाव दुसऱ्याचं झालं," मिस्त्री म्हणाले, "मंग मागची जागा कोणाची म्हनतील?"

गावाला मात्र गंमत सुचली. सुतार दिसला की लोक "सलाम सत्तारभाई" म्हणू लागले. तिफणीचा फण बसवायला आलेला एक पाटील म्हणाला की मिस्त्री, आता शुक्रवारी सुट्टी घेणार का तुम्ही. थोरल्या मिस्त्रींनी त्याला सांगितले की सुट्टी बाकीच्यांना हाय, तुमची तिफन मातर शुक्रवारीच भरीन, तवाच हात मोकळा ऱ्हाईल. लोक हसले. ते हसले नाहीत.

अर्ज मी लिहिला. आमच्या गल्लीचे नाव सुतार आहे, पाटीवर सत्तार झाले आहे, ते सत्तार काढून सुतार लिहावे, अशी विनंती. अडचण लिहिताना लक्षात आली. उर्दूत दोन्ही शब्द सारखेच. म्हणून मी सुतारमधल्या सीनवर उकाराचा पेश दिला आणि सत्तारमधल्या ते या अक्षरावर दुपटीची खूण दिली. अर्ज नियमाप्रमाणे आधी अहलकाराकडे गेला. त्याने साहेबांपुढे ठेवण्यासाठी त्याची स्वच्छ नक्कल केली आणि खुणा गाळल्या. मी विचारले तेव्हा त्याने कारण सांगितले: साहेबांपुढे खुणा दिलेला कागद ठेवणे म्हणजे साहेबांना वाचता येत नाही असे म्हणणे. त्याच्या दृष्टीने तो अदब होता. मी त्याला अडवू शकलो नाही.

पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, दिवशी मी मिस्त्रींबरोबर होतो. तहसीलदारांनी अर्ज मोठ्याने वाचला. आमच्या गल्लीचे नाव सत्तार आहे, पाटीवर सत्तार झाले आहे, ते सत्तार काढून सत्तार लिहावे. कचेरी हसली. तहसीलदार स्वतः हसले नाहीत. त्यांनी मिस्त्रींना नम्रपणे विचारले की म्हातारबा, तुम्हाला नेमके काय हवे आहे.

"सुतार, साहेब," मिस्त्री म्हणाले.

तहसीलदारांनी पाटीचा मजकूर मागवला. उर्दू ओळ पाहिली. मग मला उद्देशून म्हणाले की यात सुतार लिहिलेले आहेच. सरकारी भाषेतली ओळ बरोबर आहे, म्हणजे पाटी बरोबर आहे. मराठी ओळ ही रयतेच्या सोयीसाठी. मी म्हणालो की रयत तीच ओळ वाचते. त्यावर त्यांनी मला समजावले, रागावून नव्हे. एका पाटीला हात लावला तर तिचा निळा रंग बाकीच्यांशी जुळणार नाही. आज एक गल्ली येईल, उद्या दहा येतील, आणि गाव पुन्हा दहा शाईंचे होईल. पुढची खेप रंगवायची वेळ येईल तेव्हा सगळ्या एकदम दुरुस्त करू. बाहेर पडताना मिस्त्रींनी मला विचारले, साहेब काय म्हणाले. मी सांगितले. ते म्हणाले, "रंग जुळाया पाहिजे, व्हय ना? मानूस जुळला न्हाई तरी चालतंय."

पुढची खेप आली नाही. लढाईत पत्रा मिळेनासा झाला, रंग महागला, तहसीलदारांची बदली झाली. जाण्यापूर्वी मात्र त्यांनी गावाचा नकाशा नव्याने काढवला, पाट्यांशी जुळणारा. नावे पाट्यांवरूनच, दोन्ही लिप्यांत घेतली. तो कचेरीच्या भिंतीवर टांगलेला होता, कोणालाही पाहता येई. सुतारांच्या जागेवर बारीक नागरी अक्षरांत लिहिले होते: खुली जागा, सत्तार. मी ते मिस्त्रींना त्याच दिवशी सांगितले. दुसरा अर्ज दिला; त्याचीही नक्कल अहलकाराने खुणा गाळूनच केली. नव्या साहेबांनी तो पाहिला आणि जुन्या साहेबांच्या कामात दखल देणे योग्य नाही असा शेरा मारला. मिस्त्री त्यानंतर सणासुदीला जागेवर नारळ फोडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ही जागा सुतारांची हाय ना, असे विचारून घ्यायचे. लोक हो म्हणत. सगळ्यांना माहीत होतेच. तोंडाने कोणीही कधी सत्तार गल्ली म्हटले नव्हते, थट्टा सोडली तर.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा इथे सविस्तर सांगण्याची गरज नाही. रझाकारांच्या भीतीने बरीच कुटुंबे वऱ्हाडात गेली. सुतार राहिले, हत्यारे आणि लाकूड पाठीवर नेता येत नाही. बाहेरून आलेली एक टोळी बाजारातली दुकाने लुटून गेली तेव्हा तिने सुतारांच्या गल्लीत पाऊल ठेवले नाही, हे खरे आहे. पाटी वाचून ती परत फिरली, असे पुढे सांगितले जाऊ लागले. मी बऱ्याच जणांकडे चौकशी केली. प्रत्यक्ष पाहिलेला एकही माणूस मला भेटला नाही. गल्ली बाजारापासून लांब होती, हे साधे कारण मला पुरेसे वाटते. पण वऱ्हाडातून परत आलेल्यांना, ज्यांची दुकाने फुटली होती त्यांना, पाटीचे कारण अधिक पटले. "तुमाला काय, तुमी सत्तारवाले" असे थोरल्या मिस्त्रींना भर बाजारात ऐकवले गेले. या वेळी त्यात थट्टा नव्हती.

सप्टेंबरात लष्कर आले. मोगलाई, म्हणजे हैदराबादचे राज्य, संपली. महिन्याभरात नवे अधिकारी आले, दुसऱ्या प्रांतातले, तरुण, खादीतले. त्यांनीही पायी गाव पाहिले. निळ्या पाट्या आणि दस्तार पाहून ते म्हणाले की हे सगळे उतरवा. स्वतंत्र देशातले शहर एकसारखे दिसले पाहिजे. पांढरी जमीन, वर केशरी पट्टी, खाली हिरवी, मधे निळी मराठी अक्षरे. उर्दू नाही. नावे सुचवायला गावातल्या पाच प्रतिष्ठितांची समिती नेमली. तिच्यात एक वकील होते, एक निवृत्त मास्तर होते, एक अडत्या होता आणि दोन जमीनदार. पाचही जण इथेच जन्मलेले. मी समितीच्या बैठकांना बातमीदार म्हणून बसत असे.

मोगलाईची नावे बदलायची, असे ठरले. यादीत सत्तार गल्लीचे नाव पहिल्याच पानावर आले. मी ते मिस्त्रींना सांगितले तेव्हा त्यांना आनंद झाला. नऊ वर्षांनी का होईना, दुरुस्ती होणार होती. ते धुतलेला फेटा बांधून बैठकीला आले आणि खाली बसले.

वकिलांनी त्यांना प्रेमाने सांगितले की मिस्त्री, तुमच्या गल्लीला आता विजय मार्ग असे नाव देत आहोत.

मिस्त्री म्हणाले की सुतार गल्ली नाव आहेच की.

वकील म्हणाले, "आता जातीच्या गल्ल्या ठेवायच्या नाहीत. स्वराज्य आहे. तुमचाच मान वाढला यात."

"म्हंजी मोगलाईत आमचं नाव चुकलं," मिस्त्री म्हणाले, "आन् स्वराज्यात मिटलं."

 जाती मोडण्याचा विचार वाईट नव्हता. त्याच बैठकीत दोन जमीनदारांचे वाडे ज्या बोळांत होते त्या बोळांची, त्यांच्या आडनावांवरून पडलेली नावे तशीच ठेवली गेली. ती जाती नव्हेत, घराणी आहेत, असे कारण नोंदले गेले.

नंतर मोकळ्या जागांचा विषय निघाला. गाव सोडून गेलेल्यांच्या जागा बेवारस म्हणून ताब्यात घ्यायच्या होत्या. नवे अधिकारी भिंतीवरचा नकाशा पाहत एकेक नाव विचारत होते. गावातली माणसे उत्तरे देत होती. बोट त्या जागेवर आले.

"हा सत्तार कोण?"

मिस्त्री उठून उभे राहिले. "कोनी न्हाई, साहेब."

"गावात आहे?"

"न्हाई."

"कुठे गेला?"

"त्यो नव्हताच, साहेब. त्यो सुतार हाय. जागा आमची हाय. इचारा ह्यांना." त्यांनी समितीकडे हात केला.

अधिकाऱ्यांनी समितीकडे पाहिले. मी त्या पाच जणांपासून चार हातांवर होतो. पाचही जणांच्या गाड्यांची चाके त्या जागेवर बनली होती. वकिलांनी सांगितले की नकाशाप्रमाणे नाव सत्तार आहे हे तर दिसतेच. कागदाशिवाय बोलणे बरे नव्हे. मास्तर म्हणाले की त्यांना निश्चित आठवत नाही. अडत्याने विचारले की सुतारांकडे काही सनद आहे का. नव्हती, हे त्याला माहीत होते. जमीनदार बोलले नाहीत. अधिकारी बाहेरचे होते. त्यांच्यापुढे सरकारी नकाशा होता, गावातले पाच मान्यवर होते आणि एक म्हातारा होता, जो म्हणत होता की मालक नव्हताच. मी बोलण्याची परवानगी मागितली. पाटीची सारी हकीकत सांगितली, सीन आणि ते या अक्षरांसकट. अधिकाऱ्यांना उर्दू येत नव्हते. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले की हे लिहिलेले कुठे आहे. मी म्हणालो, अर्जात होते. अर्ज मागवला गेला. त्यात, अहलकाराच्या स्वच्छ नकलेत, पेश नव्हता. समितीत उर्दू येणारे वकील होते. त्यांनी तो वाचून दाखवला, सत्तार काढून सत्तार लिहावे, आणि कागद खाली ठेवला.

सत्तार नावाचा इसम गाव सोडून गेला आहे, असा निर्णय झाला. जागा बेवारस ठरली. जो माणूस नव्हता त्याला मालक केले ते एका राजवटीने. त्याला पळवून लावले दुसऱ्या राजवटीने. दोन्ही कामे नियमाप्रमाणे झाली.

आठ दिवसांत जागेला काटेरी तार आली. वाळायला टाकलेली खोडे सुतारांनी उचलून न्यावीत असे सांगण्यात आले. ओली होती ती घरांच्या भिंतींना टेकवून ठेवावी लागली. दिवाळीच्या सुमारास तारेच्या आत कापसाच्या गाठी दिसू लागल्या. जागा तात्पुरती भाड्याने दिल्याचे कचेरीने सांगितले. भाडेकरू कोण ते गावाला ठाऊक होते. समितीत तो तिसऱ्या खुर्चीवर बसे आणि सनद त्यानेच विचारली होती. विजय मार्गाची पाटी लागली, पांढरी, नीटस, उजव्या भिंतीवर, हात पोहोचणार नाही इतक्या उंच. अक्षर खरोखर सुरेख होते.

सुतारांनी गल्लीतच एकदा धाव तापवून पाहिली. एका घराच्या वळचणीने पेट घेतला. लोकांनी विझवली, पण दुसऱ्या दिवशी रहदारीच्या मार्गात आग पेटवण्यास मनाई झाली. त्यानंतर चाकांची कामे परत जाऊ लागली. कळमनुरीला मोकळे आवार असलेले एक सुतार होते. दोन घरे त्यांच्याकडे मजुरीला गेली. बाकीच्यांनी खाटा, चौकटी, पाळणे असे सुटे काम धरले. थोरले मिस्त्री लेकीकडे डोंगरकड्याला निघून गेले.

वर्ष संपता संपता मी एका कामासाठी डोंगरकड्याला गेलो होतो तेव्हा त्यांना भेटलो. जावयाच्या ओसरीवर बसून ते दाराची चौकट तासत होते. लेकीने चहा आणला. मी सांगितले की समितीचे काम संपले, सगळ्या पाट्या लागल्या. त्यांनी विचारले की जागेवर अजून गाठीच आहेत का. मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारले की वर्तमानपत्रात छापून आले का. मी पाठवलेल्या बातमीतला नावे बदलल्याचा भाग छापला होता, जागेचा भाग जागेअभावी गाळला होता. हे मी त्यांना सांगितले. जागेअभावी या शब्दाचा अर्थ त्यांनी मला विचारला.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात गावातला एक शेतकरी मोडके चाक गडगडवत ओसरीपाशी घेऊन आला. दोन आरे तुटले होते, धाव सैल झाली होती. मिस्त्रींनी ते हातात घेऊन फिरवून पाहिले, कुठे काय बिघडले ते त्याला बोट लावून दाखवले आणि कळमनुरीला घेऊन जा म्हणाले. शेतकरी म्हणाला की मिस्त्री, तुमी असताना कळमनुरीला काहून जाऊ.

"मी न्हाई करत आता," मिस्त्री म्हणाले आणि चौकटीकडे वळले.  शेतकरी चाक उभे करून, वाकून, आला तसा ते गडगडवत निघून गेला.